त्राओरेवर फिर्याद

परवा माझ्या नातवाच्या मोटारीला मागून कोणीतरी धडक दिली. दोघेही खाली उतरले, दोघांनीही आपापल्या फोनवर एकमेकांच्या गाड्यांची छायाचित्रे घेतली आणि एक शब्दही न बोलता दोघेही आपापल्या वाटेने निघून गेले. घरी आल्यावर मी विचारले, "समोरचा माणूस कोण होता?" तर म्हणतो कसा, "ठाऊक नाही, आजोबा. नंबर आहे ना माझ्याकडे." हे उत्तर ऐकून मी बराच वेळ अंगणात बसून राहिलो. आमच्या काळी अपघात इतका पोरका नव्हता. सेगू नगरीत दोन गाड्या एकमेकींना लागल्या, की ते त्या दोन गाड्यांचे खासगी प्रकरण राहत नसे. त्याचे एक लहानसे पर्व होई, आणि ते यथासांग पार पडल्यावाचून कोणी घरी परतत नसे.

असे एक पर्व माझ्या वाट्याला आले, तेही ऐन भाचीच्या लग्नाच्या आठवड्यात.

त्या वर्षी मी एक जुनी प्यूजो घेतली होती. शाळामास्तराच्या दारात मोटार उभी राहणे ही तेव्हा लहान घटना नव्हती. शेजारचे वृद्ध बा सुंकालो, जे तरुणपणी फ्रान्सच्या फौजेत लढून आले होते आणि तेव्हापासून कोणत्याही विषयावर मत देण्यास अधिकृत मानले जात, त्यांनी गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि ती फ्रान्समध्ये असती तर कोणी चोरली असती, असा अभिप्राय दिला. मी तो प्रशंसेच्या अर्थाने घेतला. माझी थोरली बहीण न्येलेताई हिने मात्र गाडीकडे पाहिलेही नाही. तिने सरळ माझ्याकडे पाहिले.

"झान, सितानला तिच्या सासरच्या दारात तुझ्या गाडीतून उतरवायचं. ठरलं."

वधूचा हात धरून तिला सासरच्या दाराशी उतरवणे हा आमच्याकडे मामाचा मान. तो गाडीसह बजावला जाणार, ही वार्ता ताईने विहिरीवर, बाजारात आणि जोलिबा नदीच्या काठी कपडे धुणाऱ्या समस्त स्त्रीवर्गात पोचवली. आता ती परत घेणे अल्लाच्याच हाती होते.

गाडीसोबत विमा कंपनीने एक छापील पत्रक दिले होते: 'अपघात झाल्यास काय करावे'. मी शिक्षक माणूस. छापील गोष्टीविषयी माझ्या मनात उपजतच भक्तिभाव. मी ते पत्रक रोज सकाळी मोठ्याने वाचत असे. गाडी जागेवरून हलवू नये. शांत राहावे. समोरच्या चालकाशी आदराने बोलावे, त्याचे नाव विचारावे. वाद घालू नये, पोलिसांची वाट पाहावी. किती सुबोध, किती संयत रचना! माझी पत्नी कोरोतुमू दळता दळता ऐकत असे. एके सकाळी ती म्हणाली, "आता एक अपघात झाल्यावाचून तुम्हाला काही चैन पडायचं नाही."

तो गुरुवारी झाला.

मोठ्या बालांझान वृक्षाखाली जिथे चार रस्ते मिळतात, तिथे मी उजवीकडून येत होतो. हे मी आजही शपथेवर सांगेन. आमच्या कायद्यात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते, आणि मी निःसंशय उजवीकडून येत होतो. डावीकडून सुक्या मासळीने भरलेली एक छपरी गाडी आली. मध्ये काही मेंढ्या होत्या. मेंढ्यांनी दोन्ही गाड्यांना वाट दिली, गाड्यांनी मात्र एकमेकींना दिली नाही. माझे नाक स्टिअरिंगवर आपटले, समोरची काच फुटली, आणि मोप्ती बंदराहून वाळून आलेले मासे त्या काचेतून एकामागून एक आत येऊन शेजारच्या आसनावर स्थानापन्न झाले.

मी खाली उतरलो आणि प्रथम जाहीर केले, "गाडी कोणी हलवायची नाही!"

हलवण्याचा कोणाचाच विचार नव्हता. मंडळी कोयते घेऊन धावली होती, ती फांद्या तोडून दोन्ही अंगांना रस्त्यावर टाकण्यासाठी, म्हणजे येणाऱ्या वाहनांना कळावे. क्षणार्धात तिथे सावली, बसण्याच्या चटया आणि शेंगदाणे विकणारी एक बाई अशी सर्व सिद्धता झाली. बा सुंकालोंनी येताच विचारले, "खुर्ची कुठाय? फ्रान्समध्ये अपघात झाला की आधी खुर्ची आणतात." खुर्ची आली. तिच्यावर ते स्वतः बसले.

छपरी गाडीतून एक धिप्पाड गृहस्थ उतरला आणि माझ्या गाडीत वाकून पाहू लागला. "माझे मासे पळवलेस की रे तू!"

शांत राहावे. आदराने बोलावे. नाव विचारावे.

"आपले शुभनाव कळेल का?" मी नाकावर रुमाल धरून विचारले.

"त्येमोको त्राओरे. आणि आपण?"

"जारा. झान जारा."

त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावरची सारी चिंता एकदम पुसली गेली. त्याने दोन्ही हात आकाशाकडे उंचावले. "जारा? अरे मग आधी सांगायचंस ना! मी उगाच घाबरलो. मला वाटलं, माझी गाडी एखाद्या माणसालाच धडकली!"

सारा चौक हसला.

जारा आणि त्राओरे या दोन कुळांचे थट्टेचे नाते. ते कोणत्या पूर्वजांनी बांधले, हे सांगणारे केव्हाच गेले. नाते मात्र राहिले. त्राओरेने जाराला चवळीखाऊ म्हणावे, आपला गुलाम म्हणावे, चवळी खाणाऱ्याच्या उदरात होणाऱ्या घडामोडींचे चारचौघांत सविस्तर वर्णन करावे. जाराने ते सारे सव्याज परत करावे. आणि कोणी कोणावर रागवायचे नाही. हा एकच नियम, पण तो भिंतीसारखा पक्का. माझी पत्नी माहेरची त्राओरे असल्याने या नात्याचा लाभ मला घरबसल्या होत असे. परंतु पत्रकात या परिस्थितीविषयी एक ओळही नव्हती. वाद घालू नये एवढेच लिहिले होते, म्हणून मी वाद घातला नाही. उत्तरच दिले नाही.

"बोल की रे, चवळीखाऊ!" त्येमोको आशेने म्हणाला. "नाकाला लागलंय, जिभेला तर नाही ना?"

"आपण पोलिसांची वाट पाहावी," मी म्हणालो.

हवालदार देंबेले सायकलवरून आला. आता देंबेले म्हणजे त्राओरेचेच भाऊबंद. त्यांचेही जारांशी तेच नाते. तरीही अंगावर सरकारचा गणवेश होता, म्हणून मी विश्वासाने पुढे झालो. "हवालदारसाहेब, मी उजवीकडून येत होतो."

"ते खरं, मास्तर. पण सरकारी कामात एक विचारावं लागतं." त्याने पेन्सिल जिभेला लावली. "सकाळी काय खाल्लं होतंत?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"चवळी असेल तर गाडी पेट्रोलवर चालत होती की तुमच्या बळावर, ते लिहावं लागेल."

लोक लोळू लागले. शेंगदाणेवाली हसता हसता उठून बसली आणि पुन्हा हसली. बा सुंकालो खुर्चीवरून घसरले. माझ्या नाकातून रक्त येत होते, नुकत्याच घेतलेल्या गाडीच्या आसनावर मासे पहुडले होते, आणि राज्यसंस्था माझ्या न्याहारीची चौकशी करीत होती! मी ताठ उभा राहिलो आणि वर्गात वापरतो त्या आवाजात म्हणालो, "लिहून घ्या. मी त्राओरेवर फिर्याद देतो."

हसू असे थांबले, की मेंढ्यांचे चघळणे ऐकू येऊ लागले.

त्येमोको जवळ आला आणि हळूच म्हणाला, "जारा, अशी थट्टा करू नये रे. काही गोष्टींची करू नये."

"ही थट्टा नाही."

"पुन्हा विचार करा, मास्तर," देंबेले म्हणाला. त्याच्या आवाजातून सारा खोडकरपणा गेला होता. "जाराची फिर्याद, तीही त्राओरेवर? माझ्या बापानं, आज्यानं असली ऐकली नाही."

"लिहा."

त्याने लिहिले, आणि दुखावलेला सरकारी माणूस करतो तेच केले: नियम पाळले. फिर्याद झाली, तेव्हा दोन्ही गाड्या पुरावा झाल्या. पुरावा पोलीस ठाण्याच्या आवारात राहणार. ठाण्याचे प्रमुख कमिसारसाहेब राजधानी बामाकोला गेलेले, ते सोमवारी येऊन पाहणी करणार.

"पण रविवारी माझ्या भाचीचं लग्न आहे!"

"पुराव्याला लग्नाला जाता येत नाही, मास्तर," देंबेले म्हणाला आणि सायकलवर बसला.

पुढचे दोन दिवस मी माझ्याच गावात परका होऊन राहिलो. न्हाव्याकडे गेलो तर त्याचा वस्तरा बोथट निघाला. माझ्यामागून आलेल्याच्या गालावरून तोच वस्तरा नाचत होता. वडाच्या पारासारखी आमची चहाची एक जागा होती, तिथे कोळशावर चहा उकळत असे आणि लहान पेले हातोहात फिरत. पेला माझ्या शेजाऱ्यापर्यंत आला आणि माझ्यावरून उडी मारून पलीकडे गेला. कोणी वाईट बोलले नाही. खरे सांगायचे, तर तेच जिव्हारी लागले. वाटेत भेटणारा प्रत्येक त्राओरे मला अदबीने नमस्कार करी. "कसे आहात, मास्तर? प्रकृती बरी?" एरवी ज्यांनी 'काय रे चवळ्या' म्हणून पाठीत धपाटा घातला असता, ते लोक माझ्या प्रकृतीची विचारपूस करीत होते!

घरी कोरोतुमूने ताट वाढले. चवळी. रात्री चवळी. शुक्रवारी सकाळीही चवळी.

"माझ्यावरही लिहून द्या ना फिर्याद," ती शांतपणे म्हणाली. "मीही त्राओरेच आहे. परवा भातात मीठ जास्त पडलं होतं."

"मी उजवीकडून येत होतो, कोरोतुमू."

"येत होतात हो. पण येताना पाहत होतात का?"

शुक्रवारी दुपारी न्येलेताई आली. ती बसली नाही, पाणीही घेतले नाही. आमच्यात याला फार मोठा अर्थ आहे. मी गाडीविषयी बोलू लागलो, तोच तिने हात वर केला.

"गाडी खड्ड्यात गेली. गाडीवाचून मुलगी सासरी जाते. माझ्या आईनं मला बैलगाडीतून धाडलं होतं, मी काय मेले? पण सितानच्या सासरच्यांनी निरोप पाठवलाय. विचारतायत, ज्या घरचा मामा थट्टेच्या नात्याला पोलिसात ओढतो, त्या घरच्या मुलीशी आमच्या मुलाचं भांडण झालं तर त्यानं कुठं जायचं?"

"ताई, कायद्यानं..."

"तुझा कायदा तुझ्यापाशी. ती फिर्याद घेऊन माझ्या मुलीचा हात धरायला येऊ नकोस. मी दुसरा कोणी शोधीन."

"दुसरा मामा?"

"हो. दुसरा." आणि ती गेली.

सितानचा पहिला दात पडला, तेव्हा तो आमच्या रीतीप्रमाणे मी कोंबड्यांच्या खुराड्यात टाकला होता. पहिली अक्षरे मी गिरवून घेतली होती. तिला सासरी उतरवणारा दुसरा मामा, ही कल्पना माझ्या मनात कुठे बसेना. शनिवारी सकाळी मी ठाण्यावर गेलो. आवारात माझी प्यूजो आणि ती छपरी गाडी नाकाला नाक लावून उभ्या होत्या आणि दोघींभोवती गावातली सर्व मांजरे जमली होती.

"फिर्याद मागे घ्यायची आहे," मी म्हणालो.

"घेता येते," देंबेले म्हणाला. "कमिसारसाहेबांच्या सही-शिक्क्यानं."

"शिक्का?"

"कपाटात."

"किल्ली?"

"बामाकोत."

माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याला बहुधा दया आली. पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "मास्तर, कागदाचं सोमवारी बघू. कागद काय, थांबतो. माणसाकडे गेलात का?"

समेटासाठी देतात ती कोलाची फळे घेतली आणि बा सुंकालोंना मध्यस्थ म्हणून बरोबर घेऊन मी त्येमोकोच्या घरी गेलो. वाटेत बा सुंकालो म्हणाले, "तू बोलू नकोस. मी बोलतो. फ्रान्समध्ये शरणागती कशी पत्करतात ते मी पाहिलंय." त्येमोको अंगणात आमच्याकडे पाठ करून बसला होता. भिंतीवरून शेजारपाजारची डोकी उगवली. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

"कोण आलंय?"

"जारा," बा सुंकालो गंभीरपणे म्हणाले.

"कोणता जारा? फिर्यादी जारा, की चवळीखाऊ जारा?"

माझ्या अंगी जितका म्हणून मान होता, तितका सगळा घशाशी आला. मी म्हणालो, "हे पाहा, त्या दिवशी मी उजवीकडून..."

"तो जारा नको. त्याला घेऊन जा."

भिंतीवरची डोकी वाट पाहत होती. बा सुंकालोंनी मला कोपराने ढोसले. मी खाकरलो, अंगरखा नीट केला आणि जितक्या गांभीर्याने मी शाळेत नवे सत्र सुरू झाल्याचे जाहीर करीत असे, तितक्याच गांभीर्याने उच्चारले, "चवळीखाऊ जारा आला आहे."

त्येमोको वळला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

"गुरुवारपासून मला कोणी शिवी दिली नाही रे," तो म्हणाला. "घराबाहेर पडलो की जारा लोक वाट बदलतात, त्यांना लाज वाटते. तुझ्या माणसांनी माझ्या बापाला कबरीपर्यंत शिव्या घालत पोचवलं. त्याची तिरडी अडवून म्हणाले, आमचा गुलाम आहे, आम्हाला विचारल्याशिवाय कुठं चाललाय? आई रडता रडता हसली होती. मग मी असं काय केलं होतं, जारा, की तू मला 'आपण' म्हणालास?"

मी उंबऱ्यातच बसलो.

"कारण," मी म्हणालो, "माझ्या आजोबांनी तुझ्या आजोबांना एका आजारी बोकडाच्या बदल्यात विकलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी विकत घेणारा त्यांना परत घेऊन आला. म्हणाला, माझा बोकडच द्या. तेव्हापासून आमच्या घरात त्राओरेशी जपून बोलतात."

भिंत कोसळावी तसे ते शेजारी हसले. त्येमोको हसला नाही. त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि इतक्या जोराने गदागदा हलवले, की माझ्या नाकातून पुन्हा रक्त आले. "आला! चवळीखाऊ आला!" तो ओरडत होता. त्याच्या बायकोने पाणी आणले. बा सुंकालो सर्वांना सांगत होते की तहाच्या अटी त्यांनीच ठरवल्या.

आता प्रश्न उरला गाडीचा. देंबेले रविवारी सकाळी स्वतःच घरी आला. रात्रभर त्याने नियमांवर चिंतन केलेले दिसत होते. "पुरावा ठाण्याबाहेर नेता येत नाही," तो म्हणाला, "पण पोलिसाच्या ताब्यात असेल, तर पोलीस जाईल तिथं पुरावा जातो. मी आज लग्नाला चाललोय. फक्त फिर्यादीला स्वतःच्या पुराव्यात बसता येणार नाही."

माझा पुरावा सुरू होत नव्हता. त्येमोकोच्या गाडीने तो दोरखंडाने ओढायचा, म्हणजे दोन्ही पुरावे पोलिसाच्याच दोरीला राहतील, असे ठरले.

अशा रीतीने सेगूमध्ये माझ्या भाचीची वरात निघाली. पुढे मासळीची छपरी गाडी; तिच्यात त्येमोको आणि त्याच्याशेजारी मी, आरोपी आणि फिर्यादी, मांडीला मांडी लावून. मागे दोरखंडाला बांधलेली, नाक चेपलेली प्यूजो. तिचे स्टिअरिंग गणवेशातल्या हवालदाराच्या हाती, आणि मागच्या आसनावर पांढऱ्या वस्त्रात सितान, तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या आत्या. कोरोतुमूने त्या सकाळी धूप जाळून पाहिला होता, पण मोप्तीच्या माशांनी आसनांत कायमचा मुक्काम ठोकला होता. वाटेतले कुत्रे वरातीत सामील झाले.

"बाजूला व्हा!" त्येमोको खिडकीतून प्रत्येक चौकात ओरडत होता. "माझ्या गुलामाची भाची सासरी चाललीय! चवळीचा धूर सुटलाय, बाजूला व्हा!"

माहेर सोडताना वधूने रडावे, अशी रीत. सितान हसत होती. आत्या तिला चिमटे काढीत होत्या, "रड गं, रड, लोक पाहतायत," आणि ती नाकाला पदर लावून अधिकच हसत होती. मागून न्येलेताई बायकांबरोबर टाळ्या वाजवत चालत होती. तिने अजून माझ्याशी एक शब्द उच्चारला नव्हता.

वराच्या दाराशी आम्ही थांबलो. घरातला सर्वांत वृद्ध पुरुष काठी टेकत बाहेर आला. त्याने दोरखंडाकडे पाहिले, हवालदाराकडे पाहिले, कुत्र्यांकडे पाहिले.

"मुलीला उतरवणार कोण?"

मी खाली उतरलो. "मी. तिचा मामा."

"आम्ही असं ऐकलंय, की या मामानं त्राओरेवर फिर्याद केलीय. ती आहे, की गेली?"

टाळ्या थांबल्या. ताईने मान खाली घातली. किल्ली बामाकोत होती. सोमवारपर्यंत ती फिर्याद कायद्याने जिवंत होती, आणि लग्नाच्या दारात मामाने खोटे बोलू नये. "आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात छपरी गाडीचे दार धाडकन उघडले.

"आहे तर!" त्येमोको गरजला. "आहे, आणि माझ्यावर आहे. मग कोणावर करायची त्यानं? परक्यावर? परक्यावर केली असती ना यानं फिर्याद, तर मीच याला इथं पाऊल टाकू दिलं नसतं. मला टाकून दुसऱ्याशी भांडतो म्हणजे काय!" त्याने मला पुढे ढकलले. "मामा हाच आहे, बाबा. चवळी खातो, गाडी चालवता येत नाही, पण मामा हाच."

म्हाताऱ्याने क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिले. मग त्याची काठी हलू लागली, आणि मला कळले की तो हसतो आहे.

"मग उतरवा मुलीला, मामा. कुत्रे आत शिरण्याआधी."

प्यूजोचे दार अडकले होते. त्येमोकोने लाथ मारून ते उघडले, देंबेले आतून ओरडला, "पुरावा आहे, पुरावा!" मी हात पुढे केला. सारी वाट हसत आलेल्या त्या पोरीने माझा हात धरला, उंबऱ्याकडे पाहिले, आणि मग कोठे तिला रडू फुटले. आत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.